पालिकेकडे तोडगा नको, ट्रायल मागा: वॉर्डात छोटा प्रयोग कसा करून घ्यायचा

आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर एक तिठा आहे. एका बाजूला शाळेचं गेट, समोर डेअरी, तिसऱ्या अंगाला शेअर रिक्षाची लाईन. सकाळी पावणेसात ते सव्वासात तिथे जे काही चालतं त्याला तिकीट लावलं तरी लोक येतील. स्कूलबस रिव्हर्स घेतेय, तिच्या मागे टेम्पोतून दुधाचे क्रेट उतरतायत, स्कूटरवर पुढे एक मागे एक पोर, आणि या सगळ्यातून पहिली-दुसरीतली पोरं आजीचा हात धरून क्रॉस करतायत. वॉर्डाचं नाव मुद्दाम सांगत नाही, ठाणे-नवी मुंबईत असे तिठे ढिगाने आहेत आणि मला साहेबांच्या त्याच केबिनमध्ये परत जायचंय.

तीन वर्षं आम्ही निवेदनं दिली. सह्यांची मोहीम झाली, फोटो झाले, व्हॉट्सॲप ग्रुपवर शिव्याही झाल्या. उपयोग शून्य, आणि आता जुनी पत्रं काढून वाचली तर निम्मी चूक आमचीच दिसते. एकाच पत्रात आम्ही सिग्नल, स्पीडब्रेकर, फुटपाथ, नो पार्किंग, सीसीटीव्ही आणि वर "कायमस्वरूपी तोडगा" एवढं सगळं मागितलं होतं. शेवटी एका ज्युनियर इंजिनिअरने चहाच्या टपरीवर सुनावलं, "अहो काका, यातलं मी फाईलवर काय घेऊ ते तरी सांगा. सिग्नल माझा नाही, पार्किंग माझं नाही, आणि कायमस्वरूपी तोडगा या नावाचं लेखाशीर्ष बजेटमध्ये नसतं."

तेव्हापासून आम्ही तोडगा मागायचं सोडलं आणि ट्रायल मागायला लागलो. २१ दिवस, दोन कोपरे, काही बॅरिकेड, नाही जमलं तर उचलून ठेवू. आणि गंमत म्हणजे त्याला "हो" मिळालं. कारण साधं आहे. अधिकाऱ्याच्या बाजूने बघा, कायमचं काही करायचं म्हणजे एस्टिमेट, मान्यता, निविदा, उद्या ऑडिटचा आक्षेप, परवा कोणीतरी कोर्टात, आणि चुकलं तर ते सिमेंटमध्ये पक्कं झालेलं. ट्रायल चुकली तर टेम्पोत घालून परत नेता येते. सेमिनारमध्ये याला अ‍ॅडॅप्टिव्ह गव्हर्नन्स वगैरे म्हणतात, म्हणजे थोडं करून बघायचं, मोजायचं, बदलायचं, मग पक्कं करायचं. तसं आपल्याला हे नवीन नाही. गणपती विसर्जनाचे कृत्रिम तलाव आठवा, सुरुवातीला किती लोक नाकं मुरडायचे, "टाकीत कसला बाप्पा बुडवायचा" म्हणायचे, आता आपणच विचारतो यंदा आपल्या जवळचा तलाव कुठे. एका फटक्यात सगळ्यांवर लादलं असतं तर जमलं नसतं.

बाहेरचं उदाहरण हवं तर स्टॉकहोमचं घ्या, मला ते फार आवडतं. तिथे शहरात गाडी आणायला पैसे घ्यायचे ठरलं, लोकांचा विरोध होता. त्यांनी ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ एवढीच ट्रायल केली. गाड्या साधारण २० टक्क्यांनी कमी झाल्या. मग ठरल्याप्रमाणे ट्रायल बंद केली, गर्दी परत वाढली, आणि लोकांना फरक डोळ्यांनी दिसला. सप्टेंबरमध्ये सार्वमत घेतलं, शहरातल्या लोकांनी बाजूने कौल दिला, ऑगस्ट २००७ पासून ते कायम झालं. यातली खरी हुशारी मला विचाराल तर बंद करण्यात आहे.

आता आपल्याकडे हे कसं करायचं. क्रम शक्यतो मोडू नका, आम्ही मोडला आणि दोन महिने घालवले.

आधी बघा जागा कोणाची

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि इथेच बहुतेक पत्रं मरतात. आपण "पालिका" म्हणतो पण रस्ता पालिकेचा असेलच असं नाही. नवी मुंबईत पालिका १९९२ पासून आहे पण नोड (वाशी, नेरूळ असे शहराचे भाग) वसवले सिडकोने, म्हणजे राज्य सरकारच्या शहर वसवणाऱ्या महामंडळाने, त्यामुळे एखादा प्लॉट, एखादा कोपरा अजून सिडकोकडे निघू शकतो. टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात एमआयडीसी (औद्योगिक महामंडळ) आहे, सायन-पनवेल हायवेला पीडब्ल्यूडी (सार्वजनिक बांधकाम खातं). खारघर, कामोठे, कळंबोलीला आपण सर्रास नवी मुंबई म्हणतो, पण तिथली पालिका पनवेलची, २०१६ पासून. बेलापूरला नवी मुंबई पालिकेत जाऊन खारघरचं पत्र देणारा मी एकटाच नसणार. ठाण्यात घोडबंदर रोडवर तर एकाच पट्ट्यात पालिका, पीडब्ल्यूडी, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेशाचं विकास प्राधिकरण), मेट्रोचं काम अशी सगळी नावं ऐकू येतात.

आणि रस्ता पालिकेचा असला तरी वाहतूक पालिकेची नाही. वन-वे, नो पार्किंग, वळण बंद हे वाहतूक पोलिसांच्या अधिसूचनेने होतं, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५, ११६, ११७ खाली. पेपरात "प्रायोगिक तत्त्वावर, हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत" अशा ओळी वाचल्या असतील, म्हणजे ट्रायलची पद्धत त्यांच्याकडे आधीपासून आहे, आपणच ती मागत नाही. विजेचे खांब, डीपी (विजेची पेटी), केबल महावितरणची. हे सगळं एका कागदावर लिहा, जागेचा हाताने काढलेला नकाशा आणि त्यावर कोणाचं काय. हाच नकाशा पुढे पत्राला जोडायचाय.

एकच गोष्ट निवडा, आणि ती उचलून नेता येईल अशी

खोदकाम आलं की ट्रायल संपली असं समजा. खोदकाम म्हणजे परवानगी, बजेट, पावसाळ्याआधी की नंतर हा वाद. आमच्या यादीतून आम्ही एकच घेतलं: तिठ्याचे दोन कोपरे शाळेच्या वेळेत गाड्यांना बंद. कोपऱ्यावर गाडी उभी नसली की पोर दिसतं, आणि पोर दिसलं की ड्रायव्हर थांबतो, एवढाच त्यामागचा विचार.

सामान साधं असावं. पाणी भरायची लाल-पांढरी प्लास्टिकची बॅरिकेड, कोन, दोरी, आणि जमिनीवर फक्की. हो, मैदानात कबड्डीला मारतो तीच चुन्याची फक्की. रंग नको, रंग निघत नाही आणि मग चुकलेली रेघ वर्षभर लोकांना फसवत बसते. बॅरिकेड शक्यतो वॉर्ड ऑफिस किंवा वाहतूक शाखेकडूनच मागा, विकत घेऊ नका. सोसायटीचे पैसे लागले तर कमिटीचा ठराव करा. आणि हातात रोख कोणाच्या द्यायची नाही, "साहेबांना सांगून लवकर करतो" म्हणणारा भेटतोच, त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आधीचे आकडे घ्या, नाहीतर सगळं फुकट

आमची मोठी चूक इथे झाली. उत्साहात आम्ही बॅरिकेड लावल्यावर मोजायला सुरुवात करणार होतो. एका शिक्षिका ताईंनी थांबवलं, म्हणाल्या आधी किती होतं तेच माहीत नसेल तर नंतर कमी झालं हे कशावरून. बरोबरच होतं.

मोजायला ॲप वगैरे काही लागत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एक आजोबा बसले, जुनी वही, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. १५-१५ मिनिटांचे रकाने. आधी त्यांना दहा गोष्टी मोजायला दिल्या होत्या, पहिल्याच दिवशी वैतागले, मग तीनच ठेवल्या: किती मुलं रस्त्याच्या मधून चालली, कोपऱ्यावर किती गाड्या थांबल्या, आणि मेन रोडपासून तिठ्यापर्यंत यायला रिक्षाला किती वेळ लागला. तिसरं मोजायला एक कॉलेजचा मुलगा मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन खाली.

तीन दिवस मोजा आणि त्यात एक शनिवार घ्या, शनिवारी शाळेची वेळ वेगळी असते. सुट्टीचा आठवडा, परीक्षा, धो धो पाऊस असले दिवस धरू नका. आणि मोजणारा माणूस शक्यतो असा घ्या ज्याला ट्रायल व्हावी की नको याचं फारसं पडलेलं नाही. निदान ट्रायलच्या बाजूचा तरी नको. आमचे आजोबा तर उघड विरोधात होते, त्यांची गाडी तिथेच लागायची, त्यामुळे नंतर त्यांच्या वहीवर कोणी बोट ठेवलं नाही. शूटिंग करणार असाल तर मुलांचे चेहरे येऊ देऊ नका आणि ग्रुपवर टाकू नका.

ज्याचं पोट त्या जागेवर आहे त्याला पत्राच्या आधी भेटा

रिक्षावाले, भाजीवाली मावशी, डेअरी, वडापाववाला, स्कूलबसचे काका, कचरागाडीचा ड्रायव्हर. सोसायटीच्या मीटिंगला यातलं कोणी नसतं आणि जागा खरी वापरतात तेच. आम्ही रिक्षा लाईनला गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, "लाईन उठवायची आहे ना?" मी नाही म्हटलं तरी पटेना. पुढच्या वेळी नकाशा घेऊन गेलो आणि पेन त्यांच्या हातात दिलं, तुम्हीच दाखवा लाईन कुठे बसते. त्यांनी अशी जागा दाखवली जी आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आली नव्हती. ती आम्ही तेव्हा ऐकली नाही, ते पुढे येतंच.

फेरीवाल्यांना हटवा हे कलम ट्रायलमध्ये घुसवू नका. काही लोकांना तेवढंच हवं असतं. पथविक्रेता कायदा २०१४ प्रमाणे सर्वेक्षण झाल्याशिवाय त्यांना असं उठवता येत नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी तुमची २१ दिवसांची ट्रायल त्या भांडणातच जाईल.

पत्र

एक पान. आमचं जे चाललं ते जवळपास असं होतं, हवं तर उचला:

"विषय: शाळेसमोरील तिठ्यावर २१ दिवसांसाठी प्रायोगिक तत्त्वावर दोन कोपरे वाहनांस बंद ठेवणेबाबत. महोदय, वरील ठिकाणी सकाळी ६.३० ते ७.३० या वेळेत कोपऱ्यांवर वाहने उभी राहत असल्याने मुलांना रस्त्याच्या मधून चालावे लागते. तीन दिवसांची मोजणी व नकाशा सोबत जोडला आहे. दोन्ही कोपऱ्यांवर प्रत्येकी पाच मीटर जागा या वेळेत बॅरिकेड लावून बंद ठेवावी ही विनंती. यात खोदकाम वा बांधकाम नाही. बॅरिकेड लावणे, काढणे व रोजची नोंद रहिवासी करतील. रुग्णवाहिका वा अग्निशमन वाहनास अडथळा झाल्यास त्याच दिवशी बॅरिकेड काढले जाईल. ८ व्या व १५ व्या दिवशी संयुक्त पाहणी करून आवश्यक बदल करावेत. २२ व्या दिवशी अहवाल सादर करू."

यातलं रुग्णवाहिकेचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. कधी थांबवायचं हे आपणच आधी लिहून दिलं की समोरच्याची निम्मी भीती जाते. दुसरं म्हणजे ८ वा आणि १५ वा दिवस. बदल होणार हे पत्रातच असेल तर मधे बदल केला तेव्हा कोणी "बघा फसलं" म्हणू शकत नाही.

पत्र सहायक आयुक्तांच्या नावे वॉर्ड ऑफिसला, नवी मुंबईत असाल तर विभाग कार्यालयाला, प्रत वाहतूक शाखेला. आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, "ठेवून जा, देतो साहेबांना" याला काही अर्थ नसतो. नगरसेवकांचं म्हणाल तर ठाण्यात १३१ आणि नवी मुंबईत १११ जागा, बहुतेक प्रभागात चार-चार नगरसेवक. चौघांनाही तेच पत्र, त्याच दिवशी. एकाला आधी दिलंत की उरलेल्या तिघांसाठी ती त्याची ट्रायल होते.

क्षेत्र सभेची तरतूद महापालिका कायद्यात २००९ पासून आहे, कलम २९ब पासून पुढे, मतदारांनी जमून वॉर्डातली कामं सुचवायची वगैरे. क्षेत्र सभेला बसलेला माणूस मला अजून भेटायचाय. तुमच्याकडे झाली तर मात्र तुमचा विषय तिथे नक्की नोंदवून घ्या.

फाईलीच्या मागे

दर आठवड्याला एकच फेरी, एकच माणूस, शक्यतो तोच वार. पाच जण पाच दिवशी गेलात तर पाच वेगळी उत्तरं घेऊन याल. विचारायचं एवढंच की नस्ती (सरकारी भाषेत फाईल) आता कोणाच्या टेबलावर आहे आणि त्यावर शेरा काय आहे. माहिती अधिकार पहिल्याच दिवशी टाकू नका, लोक बिथरतात. महिनाभर काहीच हललं नाही तर टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, आणि "का केलं नाही" असं न विचारता नस्तीच्या टिप्पणीची प्रत मागा. आम्हाला टाकायची वेळ आली नाही, पण अर्ज लिहून तयार होता.

वेळ निवडताना पावसाळा टाळा, मार्चएंड टाळा, निवडणुकीची आचारसंहिता असेल तर विसराच.

ट्रायलचे दिवस

पहिल्या दिवशी सगळं फसलं. कोपरे बंद झाले म्हणून रिक्षांची लाईन वीस पावलं सरकली ती थेट डेअरीच्या दारात. टेम्पोला जागा नाही, तो रस्त्याच्या मधोमध, त्यामागे स्कूलबस, आणि मेन रोडपर्यंत हॉर्न. ग्रुपवर साडेसातच्या आत चाळीस मेसेज, त्यात एक "कोणाच्या डोक्यातून आलं हे". दुसऱ्या दिवशी पोरांनी बॅरिकेडची बुचं काढली, सगळं पाणी रस्त्यावर आणि हलकी झालेली बॅरिकेड ढकलून एक गाडी बरोब्बर कोपऱ्यात पार्क. वॉचमन मामांनी मग आत रेतीच्या गोण्या टाकल्या.

अशा वेळी दोन मोह होतात. एक, सगळं काढून टाकायचं. दोन, हट्टाने २१ दिवस तसंच रेटायचं. दोन्ही नको. रोज संध्याकाळी वहीत तीन ओळी लिहा: आज काय झालं, कोणाला त्रास झाला, उद्या काय करून बघायचं. आठव्या दिवशी इंजिनिअर साहेब आणि वाहतूक शाखेचे एक हवालदार आले, वही उघडली, आणि तिथल्या तिथे दोन बदल ठरले. दुधाचा टेम्पो साडेसहाच्या आत येणार, बॅरिकेड त्यानंतर लागणार. आणि रिक्षा लाईन समोरच्या बाजूला, म्हणजे त्यांनी नकाशावर पहिल्यांदा दाखवली होती अगदी तिथेच. लाईनवाल्याने माझ्याकडे बघून फक्त मान हलवली.

बदल केला की वहीत तारीख टाका आणि आकडे वेगळे ठेवा. पहिले आठ दिवस आणि पुढचे तेरा दिवस एकत्र करून सरासरी काढलीत तर कशाचा काय परिणाम ते कळणारच नाही.

तोट्याचं पान

रिपोर्ट दोन पानांचा करा. पहिल्यावर काय सुधारलं. दुसऱ्यावर काय बिघडलं, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. आमच्याकडे मधून चालणारी मुलं खूप कमी झाली, पण रिक्षाला मेन रोडवरून यायला आधीपेक्षा जास्त वेळ लागायला लागला, आणि डेअरीवाल्याचं म्हणणं की सकाळचं गाडीवरचं गिऱ्हाईक तुटलं. सगळं लिहिलं. ग्रुपमध्ये भांडण झालं यावरून, "आपल्याच विरोधात कशाला लिहायचं". पण नंतर त्याच ज्युनियर इंजिनिअरने सांगितलं, साहेबांनी दुसरं पान आधी वाचलं.

पक्कं करायचं तर बजेटच्या आधी

पालिकेचं वर्ष एप्रिल ते मार्च, आयुक्त अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारीत मांडतात, म्हणजे खात्यांची जुळवाजुळव त्याच्या आधी काही महिने चालू असते. दिवाळीच्या आत तुमचा रिपोर्ट टेबलावर हवा. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून वॉर्डातली कामं बजेटसाठी मागवतात, तसा फॉर्म आपल्याकडे निघाला तर भराच, नाही निघाला तरी पत्र द्यायला कोणी अडवलेलं नाही. काम छोटं असेल तर आधी विचारा की वॉर्डाच्या चालू वार्षिक देखभालीच्या कंत्राटात बसतं का. कर्बस्टोन (कडेचे दगड), दोन बोलार्ड (गाडी अडवणारे बुटके खांब), पट्टे एवढ्यासाठी वेगळी निविदा काढायची वेळ बऱ्याचदा येत नाही.

आणि पक्कं करतानाच फेरतपासणीची तारीख लिहून घ्या, वर्षभराने किंवा दोन वर्षांनी. हे का म्हणतोय त्यासाठी नवी मुंबईतले होल्डिंग पॉण्ड बघा. शहराचा बराच भाग भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, म्हणून सिडकोने डच पद्धतीने हे तलाव बांधले. भरती आली की झडपा बंद, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला झडपा उघडून खाडीत. सुंदर डोकं लावलंय. पण वर्षानुवर्षं गाळ साठला, त्यावर खारफुटी उगवली, खारफुटीला कायद्याचं संरक्षण, ते असायलाच हवं, त्यामुळे गाळ काढायचा तर आता कोर्टाची परवानगी लागते. बांधताना कोणी चुकलं नव्हतं, तलाव स्वतःच बदलला. आपला तिठा पण बदलणार, शाळा दुसरी शिफ्ट काढेल, समोर टॉवर येईल.

राहता राहिली बदली. ज्या साहेबांनी ट्रायल दिली त्यांची बदली होणार हे धरूनच चाला. नवीन साहेबांकडे पहिल्या आठवड्यात जा, वहीची झेरॉक्स, नकाशा, दोन पानं आणि जुना आवक क्रमांक एवढं हातात. "आधीच्या साहेबांनी कबूल केलं होतं" असं म्हणू नका, त्यांना ते मुळीच आवडत नाही.

आमच्या एका कोपऱ्याला कर्बस्टोन लागला. दुसऱ्याखाली महावितरणची केबल निघाली म्हणून तिथे अजून बॅरिकेडच आहे. जूनमध्ये शाळा सुरू होतील, पहिलीच्या नवीन मुलांचे आईबाप येतील ज्यांना यातलं काही माहीत नाही, त्यामुळे आदल्या शनिवारी परत फक्की मारायची आहे. चुना डेअरीवाला देतो म्हणालाय.